दुसरबीडची उजळ माणसं

दुसरबीडच्या फाट्यावर लटकणाऱ्या फ्लेक्सवरची माणसं काही वर्षांपासून गोरी होती. वाढदिवसवाले गोरे, नवरा-नवरी गोरे, निवड झाल्याबद्दल ज्यांचं अभिनंदन व्हायचं ते गोरे आणि वारलेले तर सगळ्यांत गोरे. याबद्दल गावात कुणाची तक्रार नव्हती. उलट मंजुश्रीच्या हाताला गुण आहे असंच लोक म्हणत.

मंजुश्रीचं दुकान फाट्याजवळच, पंक्चरवाल्याच्या शेजारी. लेकीच्या नावावरून त्याचं नाव ‘समता ग्राफिक्स’. फोटो कापायचा, मागे निळं आकाश नाहीतर गुलाबाची फुलं टाकायची, अक्षरं मांडायची आणि फाइल मेहकरच्या प्रेसवर धाडायची, हा तिचा धंदा. नवरा संघर्ष समृद्धी महामार्गाच्या टोलनाक्यावर कामाला होता. त्यानं कुठल्याशा मोडीत निघालेल्या ऑफिसातून जुना लॅपटॉप आणून दिला, त्यावर हे सगळं उभं राहिलं होतं. लॅपटॉपची एक बिजागरी तुटलेली होती, त्यामुळे स्क्रीन सरळ उभा राहत नसे. मंजुश्री तो मागे रेलवून भिंतीला टेकवून ठेवी. माणूस खाटेवर उशी घेऊन पडावा तसा तो पडलेला असायचा.

या स्क्रीनवर आलेला प्रत्येक चेहरा तिला काळवंडलेला दिसायचा. लोकांचे मोबाइलच हलके, फोटो तरी कुठून चांगले येणार, असं म्हणून ती चेहरा बरा दिसेपर्यंत उजळवायची. छापून आला की तो तिच्या अंदाजापेक्षा फारच पांढरा यायचा. मग ती मेहकरला फोन लावी.

“राजकुमारभाऊ, शाई फिकी मारून राह्यले तुम्ही.”

“ताई, फाइल आली तशी छापली.”

“मले इथं बराबर दिसून राह्यली ना.”

“इथं नाही दिसत, ताई.”

दोघंही सभ्य होती. त्यामुळे हे भांडण कधी वाढलं नाही आणि मिटलंही नाही.

मग कडूबा वारला. कडूबा वांगी, मेथी, मिरच्या पिकवायचा आणि साखरखेर्ड्याच्या बाजारात बसायचा. माणूस जन्माचाच काळा, त्यात सारा जन्म उन्हात गेलेला. त्याचा मुलगा सागर श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी आला. घरात कडूबाचा एकच धड फोटो होता. कुणीतरी बाजारात मोबाइलवर काढलेला, त्यात तो वांगी तोलत होता. मंजुश्रीनं काटा कापला, वांगी कापली, मागे ढग टाकले आणि चेहरा उजळवला. सागर तिच्या खुर्चीमागे उभा राहून बघत होता.

“बाबा लय तरुण दिसून राह्यले,” तो म्हणाला. “करा फायनल.”

फ्लेक्स छापून आला, फाट्यावर लागला. अन्नपूर्णाबाई, कडूबाची बायको, घरातून बाहेर पडायच्या मनःस्थितीत नव्हती. पण तेरवी तोंडावर आलेली, किराणा बघायला कुणी नव्हतं, म्हणून सागरनं तिला गाडीवर बसवून आणलं. फाट्यावर तिनं त्याला थांबायला सांगितलं.

“हे कोन वारलं?” तिनं विचारलं.

सागरनं खाली बोट दाखवलं. खाली नाव लिहिलेलं होतं, पण अन्नपूर्णाबाईला वाचता येत नव्हतं. शेवटी त्याला तोंडानं सांगावं लागलं.

थोड्या वेळानं ती उतरवलेल्या फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारून मंजुश्रीच्या दारात उभी राहिली. रडलेली नव्हती, चिडलेलीही नव्हती. बाजारात वजनात आलेला फरक सांगावा तसं म्हणाली, “बाई, याच्यात माहा माणूस नाही.”

“बसा मावशी,” मंजुश्री उठून म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं. “प्रेसवाल्यानं शाई फिकी मारली. मी काय बनवलं होतं ते दाखवते.”

दुकानात एकच खुर्ची. अन्नपूर्णाबाईचे गुडघे धरलेले, ती त्या खुर्चीत बसली. मंजुश्रीनं उभ्यानंच वाकून फाइल उघडली.

“हाव,” अन्नपूर्णाबाई म्हणाली. “हा हाय. हा बराबर हाय. असाच होता.” तिनं पदर तोंडाला लावला. जरा वेळानं स्क्रीनला हात लावावासा वाटला म्हणून खुर्चीचा दांडा धरून ती उठली आणि मध्येच थांबली.

“आता गेला.”

“कोण गेला?”

“हा. पांढरा झाला.” ती परत बसली. “आला.” पुन्हा उठली. “गेला, पाह्य.”

मंजुश्रीला वाटलं, दुःखानं म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. तरी तिनं विचारलं, “मी बसून पाहू का?” ती बसली. कडूबा काळासावळा, बाजारातल्यासारखा. ती उभी राहिली. कडूबा फटफटीत. ती पुन्हा बसली, पुन्हा उभी राहिली. दोघी बायका आळीपाळीनं उठबस करायला लागल्या, तेव्हा पंक्चरवाला काम सोडून दारात आला आणि काही न विचारता परत गेला.

मंजुश्री या लॅपटॉपसमोर नेहमी बसलेली असे. गिऱ्हाईक नेहमी मागे उभं असे. गोरे चेहरे बघून गिऱ्हाईक खूश व्हायचं आणि मंजुश्रीला वाटायचं, लोकांना आपलं काम आवडतं.

“मावशी, हे मी दुरुस्त करून देते,” ती म्हणाली. कसं, ते तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती लॅपटॉप मांडीवर घेऊन मेहकरला गेली. आधी प्रेसवर. राजकुमारनं त्याच्या मोठ्या स्क्रीनवर कडूबाची फाइल उघडली. कडूबा ढगांपेक्षा पांढरा होता. मग तिच्या जुन्या फाइली उघडल्या. सगळं दुसरबीड पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखं दिसत होतं. इतकी वर्षं ऐकून घेतलेल्या बोलण्याची आता भरपाई करून घेता आली असती, पण राजकुमारनं चहा सांगितला.

“तुमच्या स्क्रीनचा पॅनल खराब असन, ताई,” तो एवढंच म्हणाला. “मांगच्या गल्लीत पुष्पांजली म्हणून हाय, तिले दाखवा.”

पुष्पांजलीचं दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि भिंतीला उभे लावलेले मेलेले लॅपटॉप. तिनं स्क्रीन हातात घेतला, वर केला, खाली केला.

“टीएन पॅनल हाय.”

“म्हणजे काय होते?”

“होत नाही काही. त्याची जातच तशी. खालून पाह्यलं की काळवंडते, वरून पाह्यलं की धुतल्यासारखं दिसते. अन् तुम्ही हा मांगं टेकवून ठेवता ना? म्हणजे तुम्ही रोज खालूनच पाहून राह्यल्या.”

“पण हा एलसीडी नाही, एलईडी हाय,” मंजुश्रीनं अभिमानानं सांगितलं. “वर चिकटवलेलं होतं तसं.”

“एलईडी म्हणजे मागचा दिवा. पुढं एलसीडीच.” पुष्पांजलीनं टेबलावरचा एक फुटका पॅनल उचलला आणि दिव्यासमोर धरला. “दोन काचांच्या मधात एक पातळ पदार्थ असते. त्याले स्वतःचा उजेड नसते. उजेड मागून येते, हा फक्त अडवते नाही तर सोडते. पहिले मागं बारीक ट्यूब राहे, आता एलईडीची पट्टी राहते. विकणाऱ्यानं दिव्याचं नाव साऱ्या घराले देल्लं. तुमची पट्टी बी म्हातारी झाली, उजेड उतरला तिचा.”

मंजुश्रीनं स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यातल्या लाल ठिपक्याबद्दल विचारलं. कित्येक नवऱ्या मुलींच्या गालावरून तिनं तो पुसायचा प्रयत्न केला होता.

“अडकलेला पिक्सेल. एकाच रंगावर बसून राह्यला.”

“मेलेला?”

“मेलेला काळा राहते. हा जिवंत हाय, फक्त ऐकत नाही.”

पुष्पांजलीनं कडेची पट्टी काढली, पॅनल सोडवला आणि मागची चिठ्ठी वाचली. आकार, आडवे-उभे ठिपके किती, वायरच्या तोंडाला पिना किती, सगळं जुळावं लागतं, नाहीतर नवा पॅनल बसतो पण बोलत नाही, असं ती म्हणाली. शोधाशोध करून तिला एक जुळणारा सापडला. तो आयपीएस होता. कुठूनही पाहा, माणूस तोच राहतो. चकचकीत काच हवी की मॅट, तेही तिनं विचारलं. मंजुश्रीच्या दुकानाचं तोंड रस्त्याकडे, चकचकीत काचेत दिवसभर ट्रकच दिसले असते, म्हणून मॅट ठरलं. बिजागरीही नवी टाकली. स्क्रीन पहिल्यांदाच स्वतःच्या पायावर उभा राहिला.

संध्याकाळी घरी आल्यावर सासूनं, सिंधूताईंनी विचारलं, “काय म्हणलं मेहकरात?”

“आयपीएस बसवला, आत्याबाई.”

सिंधूताईंनी पुढं काही विचारलं नाही. पण त्यांनी शेजारी सांगितलं आणि दोन-चार दिवस मंजुश्रीकडे येणारी पोरं दाराबाहेर गाड्या नीट लावून आत येत होती.

कडूबाचा फोटो तिनं नव्यानं केला. उजळवला नाही. काळ्या चेहऱ्यावरचा घाम दिसत होता, तोही ठेवला. सागर उभा राहून पाहत होता. “जरासे तरी...” तो म्हणाला आणि मग दारात बसलेल्या आईकडे बघून मागे सरकला. तेरवीच्या आधी फ्लेक्स लागला. अन्नपूर्णाबाईनं तो बसून पाहिला, उभ्यानं पाहिला, रस्त्याच्या पल्याड जाऊन पाहिला. “आता कुठं जात नाही तो,” ती म्हणाली.

त्यानंतर मंजुश्रीचा धंदा बिघडला.

राजकुमार खूश होता. स्क्रीनवर दिसे तेच छापून येत होतं. पण तेच कुणाला नको होतं. सोसायटीवर निवड झालेला एकजण दुकानात येऊन म्हणाला, “ताई, मले काळं काऊन केलं? विरोधकानं काही सांगतलं का?” तिनं त्याला टीएन समजावलं, आयपीएस समजावलं, मागच्या दिव्याची पट्टी समजावली. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “ते सारं बराबर हाय. पण मागच्या वर्षी मी चांगला दिसत होतो.” एका नवऱ्या मुलीच्या मामानं तर फ्लेक्स परत केला. नवरी तिकडच्यांनी पाहिलेली होती, रंग ठाऊक होता, तरी फाट्यावर तो दिसायला नको होता.

मंजुश्रीला राग आला. मग तिनं स्वतःच्या दुकानाच्या पाटीवरचा समताचा फोटो पाहिला. तेव्हाची सहा वर्षांची लेक, दुधात बुडवून काढल्यासारखी. तो तिनंच केला होता आणि इतकी वर्षं त्याखालून रोज जात-येत होती. तिला त्यात काही खटकलं नव्हतं. तिनं पंक्चरवाल्याकडून स्टूल आणलं. मग पाटी उतरवली.

आता ती काम हातात घेताना आधीच विचारते, “जसा हाय तसा, का उजळ?” बहुतेक जण उजळच सांगतात. ती उजळ करून देते, पण किती उजळ ते तिला आता ठाऊक असतं आणि पिठापर्यंत ती जात नाही. जसा हाय तसा म्हणणारे थोडे आहेत. त्यात म्हाताऱ्या जास्त.

दिवाळीनंतर अन्नपूर्णाबाई पुन्हा आली. तिच्याबरोबर कुणी नव्हतं. खुर्चीत बसून तिनं पदर सारखा केला आणि समोर बघितलं.

“माहा एक फोटो काढून ठेव.”

“कशाले, मावशी?”

“लागनच ना कधी. मंग सागर येईन, अन् उजळ म्हणीन.”

मंजुश्रीनं मोबाइल उचलला. अन्नपूर्णाबाईनं मान ताठ केली, मग विचार करून नाकातली मुरणी सरळ केली.

“हसू का?” तिनं विचारलं.

“हसा ना.”

“नको,” ती म्हणाली. “लोक म्हणतीन, मेली तं हसून राह्यली.”