आक्काचं बीपी आणि माझं कॉलेज

बाळंतपणाविषयी मी लिहावं हा आगाऊपणाच आहे. आमच्या घरात त्या बाबतीत पुरुषाचं काम एवढंच, की दाराबाहेर बसायचं आणि पाणी मागितलं की आणून द्यायचं. मी तेही सांडत आणलेलं. तरी लिहितो. चुकलं तर घरातल्या बायकांनी माफ करावं. त्यांना माझी सवय आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझी थोरली बहीण, आक्का, पहिल्या बाळंतपणाला कोगनोळीहून निपाणीला माहेरी आली होती. तिचे पाय सुजले, तोंड सुजलं, हातातल्या बांगड्या निघेनात. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "अंग भरलंय, पोरगाच हुणार." मग एका सकाळी तिला झटके आले. तंबाखूच्या ट्रकमधून दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. आक्का दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. आईनं देवीला नारळ फोडला, सगळे म्हणाले, "सुटली बाई," आणि तो विषय तिथंच संपला.

मी पुढे बेळगावला कॉलेजात गेलो. आमच्या घरातला मी पहिलाच. विषय अर्थशास्त्र, पण घरच्यांच्या मते कॉलेज म्हणजे कॉलेज, तिथं सगळंच शिकवत असणार. म्हैस चारा खाईना झाली तरी मला विचारत. आणि वाईट हे, की मी उत्तर देत असे.

काही वर्षांनी आक्काचं डोकं दुखायला लागलं, मधूनच चक्कर यायची. ती तेव्हा निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला येत असे. वखारीत तंबाखू लागून डोकं गरगरणं नवं नव्हतं, आणि त्यावरचा उपायही ठरलेला: लिंबू-मीठ घालून पाणी. आई तिला तेच पाजत होती. सुट्टीला आलेला मी विचारपूर्वक म्हणालो, "आक्का, वखार सोड. घरात बसून विड्या वळ."

"आनि विडीत काय शेवग्याचा पाला भरत्यात व्हय रं?" आक्का म्हणाली.

आई हसली. गेलेली अब्रू परत मिळवायला मी आक्काला बेळगावला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाई वयस्कर, कानडी वळणाचं मराठी बोलणाऱ्या. त्यांनी आक्काच्या दंडाला पट्टा बांधला, पारा बघितला, पुन्हा बांधला, पुन्हा बघितला. मग विचारलं, "बाळंतपणात काय त्रास झालता?"

आक्कानं माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. धाकट्या भावासमोर ती काय बोलणार? वर्गात कधीही तोंड न उघडणारा मी तिथं मात्र इंग्रजीत म्हणालो, "नो मॅडम, नॉर्मल."

"बाळंत तू झालास काय? बाहेर बस."

बाहेर बसलो. पुन्हा आत बोलावलं तेव्हा आक्काचे डोळे ओले होते. "हे तंबाखूचं नव्हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तवा झटके आले ते बीपीनं, आनि हे पण बीपीच. बाळ झालं की संपलं, असं तुमी समजता. पोटुशी असताना ज्या बाईला असं होतंय, तिला पुढं धोका असतोच. जन्मभर बीपी बघत राहायचं. असंच वर राहिलं तर उद्या हृदयावर जाईल, नाहीतर मेंदूवर. अर्धं अंग जातंय." गोळ्या रोज, मीठ कमी, आणि पुन्हा दिवस राहिले तर लगेच यायचं, गोळी बदलावी लागते.

परतताना बसमध्ये आक्का एवढंच म्हणाली, "मी अंथरुनाला खिळले तर पोरीला कोन बघंल रं?"



मग मी स्वतःची पर्यवेक्षक म्हणून नेमणूक करून घेतली. सुट्टी मिळाली की कोगनोळीला जायचं आणि आक्काच्या सासूसमोर भाषण करायचं: दुखत नसलं तरी गोळी का घ्यायची. सासू म्हणे, "पाव्हणं, आता आमटीबी तुमीच करा."

दिवाळीत गेलो तर आक्का अंगानं भरलेली दिसली. माझा जीव धास्तावला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मी वजन आणि बीपी यांवर बोललो आणि शेवटी म्हणालो, "आक्का, पोट सुटायला लागलंय. जरा चालत जा रोज."

सासूनं पदर तोंडाला लावला. आक्का इतकी हसली, की हातातली भाकरी मोडली. "व्हय रं बाबा. फाल्गुनात कमी हुतंय बघ."

तिनं मुदत ठरवून घेतली याचं मला फार समाधान वाटलं. हॉस्टेलवर मित्रांनाही सांगितलं, की माणसाला नीट पटवून दिलं तर माणूस ऐकतो.

फाल्गुनात, परीक्षेच्या तोंडावर, दाजी हॉस्टेलवर माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. दाजी कधी बेळगावला येत नसत.

"आक्काला काय झालं?"

"बाळंत झाली. पोरगा हाय."

"म्हंजे... दिवाळीत..."

"तवा पाचवा चालू हुता. सगळ्या गावाला ठावं हुतं, पाव्हणं."

मी ट्रंकेवर बसलो. "झटके?"

"न्हाय आलं. दर म्हैन्याला हितंच येत हुती की, त्या डॉक्टरीणबाईकडं. तुमास्नी सांगू नका म्हनली, त्यो भाषन करतोय."

"आनि बीपी?"

दाजींनी टोपी काढून घाम पुसला. "बाळ झाल्यावर हितल्या दवाखान्यातली नर्स म्हनली, झालं सगळं, जावा घरी. ही उठंना. म्हनली, बाळाचं झालं, आता माझं बीपी बघा. बघितलं तर चढलेलं. ठेवून घेतलं, गोळ्या सुरू केल्या. आज सकाळी खाली आलंय. उद्या सोडणार हाईत."