तिच्या फोटोचा उजेड

आमच्या धंद्यात जागा बघणं हे माझ्या बायकोचं काम होतं. कॅमेरा माझा, जागा तिची. नांदेडला प्री-वेडिंगचं खूळ आलं, तेव्हा जोडपी मोबाइलवर कुठले तरी बर्फाचे डोंगर दाखवायची आणि म्हणायची, असं काहीतरी हटके पाहिजे. मी वैतागायचो. इथे उन्हानं माणसाचं भरीत होतं, बर्फ कुठून आणू? ती मात्र शांतपणे नवरीला विचारायची, "साड्या किती बदलणार?" तिचं सगळं तिथून सुरू व्हायचं.

मग आम्ही दोघं मोटरसायकलवर जागा बघायला निघायचो. गोदावरीचा घाट, लातूरच्या गंजगोलाईतली सकाळची बंद दुकानं, चाकूरच्या पुढचा एक उसाचा फड, कंधारचा किल्ला. मी भिंती आणि कमानी बघायचो. पोरीला साडी बदलायला आडोसा आहे का, रिकामटेकडे लोक येऊन दात काढत उभे राहतात का, हे ती बघायची. त्यात खोट निघाली की ती जागा बाद. मी हट्ट केला तर म्हणायची, "कमान काय चाटायची हाय का?"

जागा पसंत पडली की ती नवरीच्या जागी उभी राहायची आणि उजेड बघायला मी तिचा एक फोटो घ्यायचो. साधी सुती साडी, पायात स्लिपर, कपाळावर घाम. "अहो, लवकर घ्या की, तोंड भाजायलंय." हे फोटो मी जपून ठेवत गेलो, पण तिच्यासाठी नव्हे. कुठल्या जागी किती वाजता ऊन कुठून येतं, ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी कळावं म्हणून. हौसेनं, नटूनथटून काढलेला तिचा फोटो विचाराल तर आमच्या लग्नानंतरचा एकही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मागच्या श्रावणात ती गेली. पोटाचं दुखणं होतं. हैदराबादला नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. लेकीचं लग्न तिनंच लातूरला जुळवून ठेवलं होतं, गंजगोलाईजवळ किराणा दुकान असलेल्या घरी. वर्षाच्या आत केलं नाही तर तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून हिवाळ्यात आम्ही ते उरकलं. उरकलं हाच शब्द खरा. त्या दिवशी मी माणसांना या-बसा करत फिरलो आणि मनातून सारखं वाटत होतं की हे कुणा दुसऱ्याचं लग्न आहे.

लग्नानंतर मांडवपरतणीला लेक माहेरी आली. बरोबर जावई होते आणि विहीणबाईही आल्या, त्यांची बहीण नांदेडला असते. जेवणं झाली आणि लेक म्हणाली, "बाबा, आपल्या सगळ्यांचा एक फोटो काढू. आईला जागा सोडून."

जागा सोडणं आता आमच्याकडे नेहमीचं झालं आहे. घरातलं कुणी गेलेलं असलं की कुटुंबाचा फोटो काढताना मध्ये माणसाएवढी जागा मोकळी ठेवतात, आणि गेलेल्या माणसाला नंतर कॉम्प्युटरवर तिथे बसवतात. बघणाऱ्याला वाटतं, सगळे एकत्रच उभे होते. सगळी करामत कॉम्प्युटरची, असा लोकांचा समज आहे. खरं काम आधीच, जागा निवडताना झालेलं असतं. गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जो उजेड आहे, तोच मागे राहिलेल्यांच्या चेहऱ्यावर पाहिजे, नाहीतर तो माणूस चिकटवल्यासारखा दिसतो. भोकरचे एक गुरुजी आले होते. वडिलांचा ओळखपत्रावरचा तेवढा एकच फोटो, सपाट उजेडातला, आणि यांना घाटावर मावळतीच्या उन्हात उभं राहायची हौस. मी सगळ्या कुटुंबाला एका देवळाच्या ओवरीत सावलीला उभं केलं. गुरुजी तोंड पाडून घरी गेले, पण फोटो हातात घेतल्यावर माझ्या दुकानात बसून रडले.

अशी कामं मी कितीतरी केली आहेत. तरी लेकीला मी नाही म्हणालो. का, ते मलाही धड सांगता येईना. ती चिडली. "दुसऱ्याच्या बापाला बसवता, अन् माझ्या आईला न्हाई?"

मी कॉम्प्युटर सुरू केला. दुपारभर आम्ही दोघं तिथे बसून तिच्या आईचे फोटो बघत राहिलो. घाटावर ती, फडात ती, गंजगोलाईत कुठल्याशा बंद शटरसमोर ती. कुठे डोळ्यांवर हात, कुठे कपाळाला आठ्या, कुठे तोंड उघडं, म्हणजे मला काहीतरी सुनावणं चालू असावं. लेक कंधारच्या एका फोटोपाशी थांबली. संध्याकाळचं तिरपं ऊन आईच्या उजव्या गालावर आहे आणि ती पोट धरून हसते आहे. मागे सरकता सरकता मी शेणात पाय दिला होता. "हाच," लेक म्हणाली. आता त्या फोटोतल्या उजेडासाठी कंधारलाच जावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी चौघं गेलो. तीच भिंत गाठली, कॅमेरा स्टँडवर लावला. या वेळी मलाही फोटोत उभं राहायचं होतं. पण आधी मधल्या जागेवर ऊन नीट पडतंय का ते बघायला हवं होतं, त्यासाठी तिथे कुणीतरी उभं राहायला हवं होतं, आणि इतकी वर्षं जी उभी राहायची तीच नव्हती. मी कॅमेऱ्याशी उगाच खुडबुड करत राहिलो. मला रडू येत होतं आणि जावयासमोर रडायचं नव्हतं.

विहीणबाईंनी ते ओळखलं असावं. दुकान सांभाळणारी करारी बाई, कपाळावर विभूती, अंगावर इरकली साडी. चपला काढून त्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "मी ऱ्हाते की उभी. त्या कशा उभ्या ऱ्हायच्या, तेवढं सांगा."

मी सांगितलं. उजवा पाय थोडा पुढे, मान किंचित वर. त्या तशा उभ्या राहिल्या आणि ऊन खाली येईपर्यंत हलल्या नाहीत. उजव्या गालावर ते बरोबर आलं, तशा त्या बाजूला झाल्या. मी टायमर लावून धावत गेलो. जागेच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला लेक, तिच्यापलीकडे जावई आणि विहीणबाई.

लेक लातूरला गेल्यावर मी काम करायला बसलो. बायकोला त्या जागेत बसवलं. उजेड असा जुळला, की भोकरच्या गुरुजींनासुद्धा खोट काढता आली नसती. मी खुशीत खुर्ची मागे घेतली, आणि मग मला ते दिसलं. ती कॅमेऱ्याकडे बघून हसत होती, कारण तेव्हा कॅमेऱ्यामागे मी होतो. आता मी तिच्या शेजारी ताठ उभा होतो, चेहरा उतरलेला, आणि ती समोर हसत होती. समोर कुणीच नव्हतं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं की ती गेली आहे. तिला एकटीलाच ते कुणी सांगितलं नव्हतं.

मला ते बघवेना. जसं बसवलं होतं, तसं मी तिला माझ्या हातानं तिथून काढलं. हैदराबादहून तिला शेवटचं आणलं तेव्हाही जीव इतका तुटला नव्हता. लेकीला फोन करून जे झालं ते सांगितलं. ती भांडेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाबा. जागा तशीच ऱ्हाऊ द्या."

गेल्या महिन्यात लातूरला गेलो तेव्हा दुकानामागच्या खोलीत तो फोटो लावलेला दिसला. निलंग्याच्या कुणी पाहुण्याबाई आल्या होत्या. त्या फोटोखाली उभ्या राहून म्हणाल्या, "हे मधीच एवढं अंतर का सोडलं हो? भांडण झाल्यासारखं दिसायलंय."

लेक आत पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. विहीणबाई चहा गाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"अंतर न्हाई ते," त्या म्हणाल्या. "तिथं आमच्या विहीणबाई हायत."