साखर दोनशे अडुसष्ट

त्यांना सगळे ‘झटपट सिस्टर’ म्हणायचे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीत बावीस वर्षं काढलेली बाई. हातापायांना चाकं लावली होती म्हणा ना! नव्या नर्स मुलींचं एका बाळाचं काम होईपर्यंत यांची तीन बाळं आटोपलेली असायची. वर पुन्हा टोमणा, “अगं, झोपेत काम करताय का?”

त्या दुपारी काचेच्या उबदार पेटीतल्या एका मूठभर मुलीच्या दुधात त्यांनी पुडी फोडून मिसळली. अशा बाळांना नुसतं आईचं दूध पुरत नाही, म्हणून त्यात ही ताकदीची भुकटी घालतात. दहा दिवस अडून बसलेलं तिचं वजन या पुडीनं कुठं नुकतं हलायला लागलं होतं. लगेच वळून सिस्टरांनी मुलीची टाच पुसली, टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. साखर दोनशे अडुसष्ट!

तरुण डॉक्टर धावतच आले. “पुडी बंद करा. इन्सुलिन लावूया.” कोपऱ्यात दूध काढत बसलेल्या आईला रडूच फुटलं.

इन्सुलिन भरायला घेताना सिस्टरांची नजर आपल्या हातमोज्यावर गेली. अंगठ्यावर पांढरी भुकटी! तिच्यात साखर असतेच, आणि त्याच अंगठ्यानं त्यांनी टाच दाबून धरली होती. मुलीची साखर ठीकच असली आणि वर इन्सुलिन गेलं, तर एवढासा जीव हातचा जायचा.

‘एकदा पुन्हा बघूया’ एवढं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण बाई फटकळ असली तरी लबाड नव्हती.

“डॉक्टर, थांबा. पुडीचा हात तसाच टाचेला लावला मी.”

“तुम्ही, सिस्टर?”

“मीच. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!”

त्यांनी हात धुतले, नवे मोजे घातले आणि दुसरी टाच स्वच्छ करून टोचली. ब्याऐंशी. डॉक्टरांनी इन्सुलिन बाजूला सारलं. पुडी चालू राहिली.

मग सिस्टर आईपाशी गेल्या आणि झालं ते सगळं सांगितलं. शरमेनं त्यांची मान वर होईना. “पुढची तपासणी दुसरी सिस्टर करेल.”

आईचा राग तोंडावर दिसत होता. “का म्हणून? ती अजून चुकायचीय. तुम्ही आता पुन्हा नाही चुकणार. तुम्हीच करा. आणि हात माझ्यासमोर धुवा.”

तीन तासांनी सिस्टर नळाखाली पुरती दोन मिनिटं हात चोळत राहिल्या, आणि आई शेजारी उभी राहून बघत होती.