प्रार्थनेच्या वहीत ओडेसाची अटक

शिकागोच्या वेस्ट साइडला ओडेसा टिब्सनं अठ्ठावीस वर्षं घरोघरी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. कॅन्सरच्या उलट्यांनी हैराण झालेली माणसं औषधी गांजामुळे दोन घास जेवतात, हे तिनं पाहिलं होतं. त्याचं दुकान आपल्याच वस्तीत काढायचं तिच्या मनात होतं. गांजा आता कायदेशीर झाला होता, आणि दुकानाच्या परवान्याचा नवा नियमही तिच्याच बाजूचा: गांजापायी ज्यांना पूर्वी अटक झाली, त्यांना परवान्यात पहिला मान.

ओडेसाला चोविसाव्या वर्षी अटक झाली होती. आजारी आईसाठी आणलेली पुडी खिशात सापडली. चर्चमध्ये तिनं हे कुणाला कळू दिलं नाही, आणि तीन वर्षांपूर्वी कोर्टात खेटे घालून ती नोंद पुसूनही घेतली. आता परवाना कचेरीला अटकेचाच पुरावा हवा होता, तोही शुक्रवारच्या आत.

"नोंद पुसली की कागदही जातो, बाई," खिडकीतला कारकून म्हणाला. "त्या वेळचं तारखेसकट काहीतरी लेखी आणा. आणि दोन साक्षीदार."

रविवारी चर्चच्या तळघरात जेवणासाठी मासे तळताना तिनं सिस्टर अर्लीनला सगळं सांगितलं, मान खाली घालूनच. ऐंशीच्या अर्लीनकडे प्रार्थनेची वही असायची. कुणासाठी प्रार्थना करायची ते घरच्यांनी तीत तारीख घालून लिहायचं, अशी रीत.

"एवढंच ना?" अर्लीननं हात पुसले आणि कपाटातून एक जुनी वही काढली. पानावर तीस वर्षांपूर्वीच्या तारखेखाली ओडेसाच्या आईचं थरथरतं अक्षर होतं: 'माझी ओडेसा माझ्या औषधाच्या गांजापायी तुरुंगात आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा.'

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"अख्ख्या चर्चला! गुडघे सुजेपर्यंत प्रार्थना केली आम्ही. तूच मेली तीस वर्षं तोंड लपवत फिरलीस. तो मासा करपतोय बघ!"

शुक्रवारी कचेरीत पांढऱ्या हॅट घातलेल्या चर्चच्या अकरा बायका साक्षीला हजर.

"दोघी पुरेत," कारकून म्हणाला.

"मग तूच निवड, बाळा," अर्लीन म्हणाली. "आमच्यातली एकही घरी जायला तयार नाही."

त्यानं हसू दाबत अर्ज पुढे ओढला. "अटक कशासाठी झाली?"

"आईला दोन घास जेवता यावेत म्हणून," ओडेसानं मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असं सांगितलं.

परवाना एप्रिलमध्ये आला. दुकानात तो काचेत लावलाय, आणि त्याच्या वर, जरा मोठ्या चौकटीत, वहीचं ते पान.