डोळे मिटून केलेली भांडणं

आमच्या मंडळीत भांडायला सक्त मनाई होती, म्हणून आमची माणसं प्रार्थना करत.

अमरावतीच्या कॅम्पातली आमची ख्रिस्ती मंडळी तशी लहानशीच. रविवारी चर्चमध्ये उपासना आणि बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा. सतरंजी अंथरायची, एखादं गीत म्हणायचं, मग सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि ज्याला आत्म्याची प्रेरणा होईल त्यानं मोठ्यानं प्रार्थना करायची. ज्याचं त्या आठवड्यात कुणाशी बिनसलेलं असे त्याला प्रेरणा हमखास होई. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं आमच्याकडे देवाला बोलत आणि शेजारी बसलेल्याला लागे. एरवी आम्ही वऱ्हाडी बोलायचो, पण प्रार्थना मात्र जुन्या मिशनरींनी शिकवलेल्या भरजरी मराठीतच व्हायची. देवाला वऱ्हाडी समजत नसावी अशी सगळ्यांची समजूत होती.

या कलेत माझी आई आणि मोठी मावशी यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोघी सख्ख्या बहिणी. मावशी थोरली, तिला मूलबाळ नव्हतं. तिचे यजमान, आमचे काका, बडनेऱ्याला रेल्वेत होते आणि त्यांचं घर आमच्याच गल्लीत, दोन दारं सोडून होतं. मावशीनं मला कडेवर घेऊनच मोठं केलेलं. पन्नास सालानंतर आमच्या मिशनच्या गोऱ्या मिससाहेब कायमच्या विलायतेला निघाल्या. जाताना चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या मेजावरचा पांढरा कपडा धुण्याचं काम त्या आईला सोपवून गेल्या. थोरलीला डावलून धाकटीला मान मिळाला. पहिल्याच महिन्यात आईनं कपड्याला नीळ जरा जास्त घातली आणि मावशी चारचौघींत म्हणाली, "मेजावर आभाय अंथरलं का काय?" झालं. त्या दिवसापासून दोघींमधून विस्तव जाईना. एकमेकींच्या दारावरून जात, पण तोंडातून शब्द नाही.

बुधवारी मात्र शब्दांना तोटा नसे. मावशी सुरू करी, "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, तुझ्या मेजाचं वस्त्र जे हात धुतात, ते हात तू आधी निर्मळ कर." आई थोडा वेळ नम्रपणे थांबे आणि मग म्हणे, "हे पित्या, ज्यांच्या दृष्टीला सर्व काही निळंच दिसतं, त्यांची दृष्टी तू उघड." मंडळी आमेन म्हणे. कुठल्या बाजूला आमेन मोठं पडलं त्यावरून कोण कुणाच्या पक्षात तेही कळे. डोळे उघडे ठेवून हे सगळं बघणारी आम्ही पोरंच. शेजारच्या वकिलीणबाईंना भिंतीपलीकडून ऐकू जायचं. त्यांनी एकदा आईला विचारलंसुद्धा, "तुमच्या देवाला सगळं सांगावंच लागतं का हो? त्याला आपलं आपण कळत नाही?" आई रागानं आत निघून गेली.

आमचे पाळक साधे गृहस्थ होते. एका रविवारी त्यांनी उपदेश केला की तुम्ही विश्वासात अजून तान्ही बाळं आहात, दुधावरच आहात, जड अन्न तुम्हाला पचायचं नाही. मंडळीला उपदेश फार आवडला. प्रत्येकानं वळून आपल्या शेजाऱ्याकडे पाहिलं.

त्यानंतरच्या बुधवारी मावशीची प्रार्थना फारच रंगली. शेवटी ती म्हणाली, "प्रभो, ज्या घरात गर्व शिरला आहे, त्या घराला तू एकदा तुझा हात दाखव." आमेन असं मोठं झालं की वकिलीणबाईंचा कुत्रा भुंकला.

आणि आठवडा व्हायच्या आत मला मुदतीचा ताप आला.

मंडळीच्या उत्साहाला पारावार राहिला नाही. प्रार्थना ऐकली गेली होती! बायका भेटायला येत, माझ्या कपाळावर हात ठेवत आणि आईला हळूच विचारत, तुमच्या घरात काही कबूल करायचं राहिलंय का म्हणून. मावशीचा भाव तर एकदम वाढला. तिच्या प्रार्थनेत सामर्थ्य आहे अशी बातमी फिरली. मंडळीच्या कारभाऱ्यांना आमच्यात वडील म्हणत; त्यांतल्या एका वडिलांनी तिला गाठून आपल्या घरमालकासाठी थोडी प्रार्थना करा म्हणून विनंती केली, आणि ती घरमालकाच्या भल्यासाठी नव्हती हे सांगायला नको.

ताप उतरेना. डॉक्टर येऊन दूध आणि साबुदाण्याची पेज एवढंच सांगून जात आणि बाहेर आईवडिलांशी हलक्या आवाजात बोलत. ते बोलणं मला ऐकू यायचं नाही, पण आत आल्यावर आईचं तोंड बघून समजायचं. मी जाईन असं घरात सगळ्यांना वाटू लागलं होतं. मलाही वाटायचं, आणि मला भयंकर भीती वाटायची.

एका दुपारी आई माझ्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत बसली होती. मावशी दारात येऊन उभी राहिली. सामर्थ्यवान बाईचं तोंड एवढंसं झालं होतं. ती आत आली, खाटेपाशी गुडघे टेकले, डोळे गच्च मिटले आणि सवयीनं सुरू झाली, "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या..."

"डोये उघड, बाई," आई म्हणाली. वर्ष उलटून गेल्यावर तिनं थोरल्या बहिणीशी बोललेला हा पहिला शब्द. "डोये मिटले का तू मले शिव्याच देतं. माह्याकडे पाहून बोल."

मावशीनं डोळे उघडले. समोर देव असला की धबधब्यासारखी वाहणारी बाई, समोर बहीण आल्यावर पार मुकी झाली. शेवटी ती म्हणाली, "मी असं नोतं मांगतलं वं. पोरीले काई झालं तं मी काय करू? माहं चुकलं."

"मले सांगाचं होतं ना. दोन दारं सोडून घर. देवाले कायले मंधात घातलं?" आई म्हणाली, आणि मग आवाज उतरवून, "मीबी तेच केलं म्हना."

दोघी रडल्या. मग आई म्हणाली, "आता बसून राहू नको. घडी बदल, मी पेज ठेवतो."

मावशी घरी गेलीच नाही. मी बरी होईपर्यंत ती आमच्याकडे राहिली आणि त्या सगळ्या दिवसांत मी तिला मोठ्यानं प्रार्थना करताना ऐकलं नाही. ती घड्या बदलायची आणि माझ्याकडे बघत बसायची. ताप उतरल्यावर पहिला मऊ भात तिनंच मला भरवला. मी दुधावरून भातावर आले. मंडळीचं काय ते पाळकच जाणोत.

नंतरच्या बुधवारी सगळे कान टवकारून बसले. मावशीला प्रेरणा झाली. ती म्हणाली, "देवा, पोरगी उठली. तुह्ये उपकार. आमेन." लोक अजून मांडी सावरत होते, त्यामुळे आमेन म्हणायला कुणी तयारच नव्हतं. मावशीची आध्यात्मिक घसरण त्या दिवसापासून सुरू झाली असं मंडळीचं मत पडलं. घरमालकवाल्या वडिलांनी तर पाळकांकडे जाऊन काळजीही व्यक्त केली.

पुढे मेजाचा कपडा दोघी मिळून धुवायच्या. नीळ आईकडून जास्तच पडायची आणि मावशी तोंडावर सांगायची, "आंधयी झाली का वं?" आई म्हणायची, "मंग तूच धू." गल्लीभर ऐकू जाई, पण बुधवार आता शांत जायचे.

साठ सालानंतर काकांची बदली अकोल्याला झाली आणि काही वर्षांतच मावशी अंथरुणाला खिळली. आई आणि मी बडनेऱ्याहून पॅसेंजरनं गेलो. अकोल्याचं ऊन, रेल्वेचं क्वार्टर, दाराला वाळ्याची ताटी. तिथले पाळक येऊन गेले. त्यांनी लांबलचक प्रार्थना केली आणि आजारी माणसाचं नाव दोनदा चुकवलं.

ते गेल्यावर आई खाटेपाशी बसली. मावशीचा हात हातात घेतला. मग तिनं डोळे मिटले आणि जुन्या आधाराला हात घातला, "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या..."

मावशीनं तिचा पदर ओढला. अंगात जीव नव्हता, पण ओढला.

"डोये उघड," ती म्हणाली. "माह्याकडे पाहून बोल."

आईनं डोळे उघडले. बहिणीच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग म्हणाली, "जाऊ नको वं, बाई."

"आमेन," मावशी म्हणाली.

पाऊस पडायच्या आत ती गेली. मावशीची ती दुष्ट प्रार्थना ऐकली गेली असं म्हणणारी माणसं मला आयुष्यभर भेटली. आईची ही मात्र ऐकली गेली नाही. तरी आजवर मी ज्या प्रार्थना ऐकल्या त्यांत एवढी खरी दुसरी नव्हती.