जर्मन पत्रातली एक जास्तीची ओळ

तीस सालच्या सुमारास हे जर्मनीला शिकायला गेले, तेव्हा मला एक इंग्रजी-जर्मन डिक्शनरी देऊन गेले. "भाषा शिकून ठेव, वर्षभरात बोलावून घेतो," म्हणाले. मी वेडी, खरंच शिकले. चुलीपुढे बसून शब्द पाठ करायची आणि घरातले हसायचे.

तीन वर्षं गेली. मग चार महिने पत्रच नाही. मामंजी रामकुंडावरचे उपाध्ये. पूजेला आलेल्या यजमानाचा पणजोबा कुठल्या गावचा, ते चोपडीत पाहून घडाघडा सांगायचे. पोटच्या मुलाचा ठावठिकाणा मात्र ठाऊक नव्हता. शेवटी ह्यांच्या तिथल्या घरमालकिणीला विचारायचं ठरलं. तिला फक्त जर्मन येई. शेजारच्या वकिलांनी इंग्रजी मजकूर करून दिला: आमचा मुलगा 'मूव्ह आउट' झाला असल्यास नवा पत्ता कळवावा.

"एवढ्याचं जर्मन कर, सूनबाई," मामंजी म्हणाले.

एवढ्याचं! डिक्शनरीत 'मूव्ह'ला अर्धा रकाना. एक शब्द सामान हलवण्याचा, एक सोंगटी सरकवण्याचा, एक मन हेलावण्याचा. माणसाने बिऱ्हाड हलवण्याचा काही सापडेना. वकीलसाहेब दोन शब्द टाकून मोकळे झाले होते, इथे माझी दुपार गेली. शेवटी सरळ 'घर सोडलं' असं लिहिलं. तोवर मी ते मनातसुद्धा म्हटलं नव्हतं.

मग लक्षात आलं, मी काय लिहिते ते या घरात कुणालाच वाचता येत नाही. खाली आणखी एक ओळ घातली: तो एकटाच गेला का? मामंजींनी सही केली.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. सगळे ओटीवर जमले. बाईंचं अक्षर सुरेख, वाक्यं सोपी. न कळायला जागाच नव्हती. नवा पत्ता दिला होता. खाली लिहिलं होतं: एकटे कसे जातील? तुमची सून आणि तान्हा नातू बरोबर आहेत.

"बरा आहे ना गं तो?" सासूबाईंनी विचारलं.

"बरे आहेत." मी पत्ता वाचून दाखवला.

मामंजींनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे?"

"सगळ्यांना नमस्कार सांगितलाय."

रडायचीही सोय नव्हती. रडले असते तर ओळ वाचावी लागली असती.

"मग आता त्या पत्त्यावर तूच लिही," सासूबाई म्हणाल्या. "म्हणावं, सगळी तयारी झालीय, मला घेऊन जा."

मी बरं म्हटलं.