आत्याची तपासणी

आमच्या नात्यातली एकही सोयरीक माझ्या आत्याने मुलाच्या स्वयंपाकघरात पाय ठेवल्याशिवाय जुळलेली नाही, आणि ज्या मोडल्या त्याही तिथेच मोडल्या. बाकीचे लोक मुलाचा पगार विचारतात, आत्या त्याच्या आईचं ताट बघते. ती स्वतः लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात सासर सोडून आली. का, ते एका वाक्यात सांगते, "उरलं तर मला मिळायचं, आणि उरायचं नाही." मग नाशिकला अंबडच्या कंपनीत ड्रिलिंग मशीनवर लागली, माझ्या बाबांना शिकवून क्लार्क केलं, आणि माझी आई गेल्यावर मलाही वाढवलं. मला इंग्रजी शाळेत घालायचं तिनेच ठरवलं. शाळेने मला इंग्रजी शिकवलं, बोलायला शिकवलं नाही. घरातलं बोलणं सगळं आत्याच्या वाट्याला राहिलं.

आयुष्य मशीनच्या आवाजात गेल्यामुळे ती कुजबुजते तेव्हाही शेजारचे उत्तर देतात. स्थळ बघायला जाताना पांढऱ्या साडीखाली कंपनीचे लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज घालते. बाबा ओशाळून म्हणतात, "आक्का, चप्पल घाल ना." ती म्हणते, "लोकांच्या दारात काय पायावर पडेल, सांगता येतं का?" दारात खणखणीत जय भीम घालायचा, सोफ्याकडे ढुंकूनही न बघता पाणी मागत आत शिरायचं आणि विचारायचं, "बाई, तुमच्याकडे शेवटी कोण जेवतं?" माझ्या चुलतबहिणीसाठी एक मोठ्या फ्लॅटवालं स्थळ आलं होतं. सगळे पाघळले होते. आत्या आतून बाहेर आली ती थेट दारात बूट घालायलाच. रिक्षात म्हणाली, "ओटा ग्रॅनाइटचा आहे, पण त्या माउलीचं ताट वॉशिंग मशीनवर." संपलं. विहारातल्या बायका आता तिला आपल्या मुलींसाठीही घेऊन जातात. भले भले बाप तिच्या निकालाची वाट बघत जिन्यात उभे राहिलेले मी पाहिलेत.

म्हणून माझी वेळ आली तेव्हा मला घाम फुटला. मुलगा माझ्याच ऑफिसातला, सुरगाण्याकडच्या पाड्यावरचा, कोकणा आदिवासी. त्याच्याशी मला बोलता येतं, माझ्या दृष्टीने एवढंच पुरेसं होतं. बाबांना नव्हतं. "इथवर यायला आपल्या दोन पिढ्या गेल्या," ते म्हणाले, "आणि ही परत डोंगरात निघाली. तिकडे जीपसुद्धा धड जात नाही." आत्या म्हणाली, "आधी घर बघू." ती नाही म्हणाली असती तर बाबांना कोणीच हलवू शकलं नसतं, मी तर नाहीच.

जीप खरंच धड गेली नाही. बाबा आलेच नव्हते; शेवटचा चढ आत्या आणि मी चालत चढलो. आत्याच्या जय भीमला मुलाच्या आईने हसून जोहार केला. सोफा नव्हताच, त्यामुळे आत्याला ओलांडायलाही काही नव्हतं. शेणाने सारवलेल्या ओसरीवर नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी, उडदाची आमटी, आणि सगळे गोल बसलेले. मध्ये पाय पसरून मुलाची आई, दमून आलेली, स्वतःच्या सासऱ्यांच्या पुढ्यातली मिरची उचलून घेणारी. आत्याने तरीही प्रश्न विचारलाच.

"शेवटी?" बाईंना तो कळेचना. "भूक लागली का बसतो." मग भाकरी मोडता मोडता त्यांनी सहज विचारलं, "न तुमचे घरी, बाय?"

आत्याने तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. आमच्या घरी बाबा आणि मी टीव्हीसमोर जेवतो. गरम भाकरी येत राहते. "तुम्ही घ्या, मी बसतेच," असं आतून ऐकू येत राहतं. इतकी वर्षं ते ऐकून मी दुसरी भाकरी घेत आले.

"मीच," आत्या म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज फक्त समोरच्या माणसापुरता होता. बाईंनी तिच्या पानात अजून आमटी वाढली.

नाशिकला पोचल्यावर बाबा दारातच उभे होते. आत्याने बूट काढले आणि सांगितलं, "त्यांचं घर पास. आपलं नापास."

बाबांनी तिचे बूट उचलून कोपऱ्यात ठेवले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं काय म्हणणं आहे?" मला हे कोणी विचारलं नव्हतं. "मला तिथे जायचंय," मी म्हणाले.

लग्नाला आता थोडेच दिवस आहेत. बाबा भाकरी शिकतायत. अजून तरी नकाशे थापतात. आम्ही तिघं एकत्र बसतो. आत्या अवघडून बसते, मध्येच उठायला बघते, बाबा तिला हाताला धरून बसवतात. काल त्यांनी तिला विचारलं, "आक्का, तुला भाजी कुठली आवडते गं? उद्या तीच करू." सगळ्यांच्या आवडीनिवडी पाठ असलेली माझी आत्या घास हातात धरून विचार करत राहिली.

"थांब," ती म्हणाली. "आठवून सांगते."